बाळाराम आणि साडेतीन किलोचा टोळ

बाळाराम गेल्याचं मला डेअरीच्या टेंपोवाल्याने सांगितलं. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. कर्जतच्या बाजारपेठेतलं आमचं औषधांचं दुकान नुकतंच उघडलं होतं आणि मी काउंटरवर वर्तमानपत्र पसरून बसलो होतो. टेंपो दारात थांबला, ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली आणि म्हणाला, "काका, कडावचे बाळारामकाका गेले." मी विचारलं, "कुठे?" त्याने टेंपोचं इंजिन बंद केलं. तेव्हा मला कळलं. मग त्याने बाकीचं सांगितलं. बाळाराम नेहमीप्रमाणे डेअरीवर दूध घालून घरी गेला, ओट्यावर टेकला, सुनेला चहा टाकायला सांगितला आणि चहा होईपर्यंत संपला. आजारपण नाही, दवाखाना नाही. सदुसष्ट वय म्हणजे आजकाल फार नाही... पण जाणं असं असावं, असं त्या दिवशी कडावला जमलेला प्रत्येक जण म्हणत होता. मीही म्हणालो.

माणूस गेल्यावर लगेच लिहायला बसलं की हात सैल सुटतो, म्हणून मी महिनाभर थांबलो. शिवाय बाळाराम माझा मित्र होता असं म्हणायची मला आधी सवय नव्हती. तो मला 'शेट' म्हणायचा आणि 'तुमी' म्हणायचा. मी त्याला 'बाळाराम' म्हणायचो आणि 'तू'. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता. हे कधी बदललं नाही, आणि ते बदलायला हवं होतं हेही मला आत्ता, लिहिताना सुचतंय.

ओळख दुकानामुळे झाली. बाळाराम गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होता. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा, डॉक्टर सुई टोचतात तेव्हा बैलाचं डोकं धरून उभा राहणारा. दवाखान्यातला माल संपला की कापूस, बँडेज, प्लॅस्टरच्या पट्ट्या घ्यायला तो माझ्याकडे यायचा. उंचीला बेताचा, पण पंजे पसरट, बोटं जाड. त्या बोटांनी तो बँडेजची गुंडाळी नाकाजवळ नेऊन वास घ्यायचा आणि जुनी असली तर न बोलता परत ठेवायचा. गाभण म्हशीपासून घसरून पडलेल्या वासरापर्यंत सगळ्यांची मोडलेली हाडं त्याने हाताळलेली. बांबूच्या कामट्या आणि प्लॅस्टर घालून उभी केलेली कित्येक गुरं कडाव भागात होती. तीस वर्षं आमचं बोलणं एवढ्यापुरतंच होतं.

मग टोळ आला. बाळारामच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. खालापूरजवळच्या एका फार्महाउसवर तो गाय बघायला गेला होता. मालक मंडळी मुंबईची, शनिवार-रविवारी यायची. त्यांनी हौसेने एक छोटं कुत्रं आणलं होतं, डॉबरमन धुऊन आटला तर जसा दिसेल तसं. काळं, तकतकीत, काडीसारखे पाय. मुलांची हौस फिटली, परीक्षा आल्या, आणि कुत्रं राखणदाराच्या बायकोकडे राहिलं. त्या दिवशी ते बंगल्याच्या व्हरांड्यातल्या झोपाळ्यावरून खरकट्या ताटाच्या दिशेने उडालं आणि फरशीवर पुढच्या पायांवर पडलं. राखणदाराच्या बायकोने बाळारामला गोठ्यातून हाक मारून आणलं.

तो टोमॅटोच्या क्रेटमध्ये गोणपाट घालून, त्यात ते कुत्रं ठेवून, भाजीच्या टेंपोतून माझ्या दुकानी आला. मी म्हटलं, "ठेव काउंटरवर, बघू."

"नाय शेट. खालीच बरा." त्याने क्रेट फरशीवर ठेवला आणि स्वतःही शेजारी मांडी घातली. "मोडल्यालं हाय तरी उडी मारंल ह्ये."

पुढचा डावा पाय मनगटाच्या वर वाकडा लोंबत होता. कुत्रं केकाटत नव्हतं; क्रेटच्या कडेवरून बाहेर काय चाललंय ते बघायला उरलेल्या तीन पायांवर उभं राहू पाहत होतं. मी म्हटलं, "प्लॅस्टर देऊ? तू बांधशील ना?"

"बैल असता तर बांधला असता. ह्याचं हाड बघा, पेन्शिलीएवडं पन नाय. वर मास नाय, रगत कमी पोचतंय. कामटी बांधून हे जुळायचं नाय, वाकडं जुळंल नायतर सुटंच राहील. पनवेलला डॉक्टरीणबाई हायेत, त्या पट्टी बसवतात आतून." तीस वर्षं हाडं बांधणारा माणूस 'हे मला जमणार नाही' असं इतक्या साधेपणाने म्हणाला, की मला ते तेव्हा लक्षातही आलं नाही. नंतर बऱ्याच वेळा आठवलं.

त्याला माझ्याकडून पाय तात्पुरता आधाराला ठेवण्यापुरता कापूस आणि बँडेज हवं होतं, आणि आणखी एक गोष्ट हवी होती. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे कुत्र्याला बंदोबस्तात ठेवावं लागणार होतं. मालकांनी ऑपरेशनची तयारी दाखवली होती, परत न्यायची नाही. बाळारामच्या घरी कमरेएवढा उंच ओटा, गोठ्यात म्हशी आणि अंगणात गावठी कुत्री दोन. "तुमचं घर सपाट हाय," तो म्हणाला. आमचं घर दुकानामागेच आहे, तळमजल्यावर. मी सरळ नाही म्हटलं. मला कुत्र्यांची भीती नाही आणि आवडही नाही. तेवढ्यात सुधा, माझी बायको, चहा घेऊन बाहेर आली. तिने क्रेटमध्ये बघितलं, मग माझ्याकडे. "आठ आठवडे म्हणजे काय हो, दोन महिने. राहू दे." दोन महिन्यांची आता सात वर्षं झाली. नाव बाळारामनेच ठेवलं. भातावरचे टोळ जसे हात लावायच्या आत उडतात, तसं.

ऑपरेशन नीट झालं. प्लेट बसली. दोन महिने टोळ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाळीच्या कुंपणात राहिला, आणि त्याच्यासकट आम्हीही कैदेत. मग पनवेलच्या बाईंनी 'आता हळूहळू मोकळा सोडा' म्हणून सांगितलं आणि त्याच संध्याकाळी बाळाराम आमच्या घरी हजर झाला. चप्पल काढली आणि ओणवा होऊन रांगायला लागला. साठीला आलेला माणूस आमच्या पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत गुडघ्यांवर फिरतोय, मध्येच थांबून वर बघतोय. सुधाला हसू आवरेना. तो म्हणाला, "वयनी, हसू नका. हितनं तुमचा सोफा माडीवानी दिसतोय."

त्याने घर बदललं. गुळगुळीत फरशीवर दारापासून स्वयंपाकघरापर्यंत काथ्याची पायपुसणी एकाला एक लावून टाकली, कारण धावताना पाय फाकला की खांदा निखळतो. सोफ्यासमोर घट्ट भरलेल्या उशांची पायरी केली. मागच्या दाराच्या तीन पायऱ्यांना फळीचं फाटक बसवलं. गळ्यातला पट्टा काढून छातीचा पट्टा आणायला लावला. पंजांच्या गाद्यांमधले केस कापायला, नखं दर पंधरा दिवसांनी घासायला सुधाला शिकवलं. आणि खाणं तोलून, कारण "अर्धा किलो चरबी म्हंजे ह्याच्या हाडाला आपल्या पाठीवर गोणी." घरात येणाऱ्या प्रत्येकाला एकच ताकीद: कुत्र्याला घ्यायचं तर आधी जमिनीवर बसा. एक हात छातीखाली, एक मागच्या बाजूला. उभ्याने कोणी उचलायचं नाही. मुलांनी तर मुळीच नाही.

भांडण झालं ते पलंगावरून. पुढच्या खोलीतला वडिलांचा सागवानी पलंग, चांगला उंच. टोळ सुधाच्या पायाशी झोपायला लागला होता आणि सकाळी दूधवाल्याची घंटा वाजली की तिथून उडी. बाळाराम म्हणाला, पाय कापू या. मी म्हटलं, वडिलांच्या पलंगाचे पाय मी कुत्र्यासाठी कापणार नाही. सुधाच्या गुडघ्यांमुळे जमिनीवर गादी घालणंही शक्य नव्हतं. बाळाराम चार दिवसांनी प्लायवूडचा उतार करून घेऊन आला, वर सतरंजी ठोकलेली. टोळने त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. बाजूने उडी मारली. "उतार जास्त पडलाय," बाळाराम म्हणाला. दुसरा आणला, दुप्पट लांब. त्यावर उकडलेल्या अंड्याचे तुकडे ठेवत तो अकरा दिवस रोज संध्याकाळी यायचा. उताराच्या तळाशी पाय पसरून बसायचा आणि, "ये रं, चालत ये, घाई कसली हाय तुला..." असं म्हणत राहायचा. बाराव्या दिवशी टोळ स्वतःहून चालत उतरला. बाळारामने आमच्याकडे बघितलं नाही. उरलेलं अंडं स्वतःच्या तोंडात टाकलं आणि घरी गेला.

मी एकदा त्याला विचारलं होतं, एवढ्याशा जनावरासाठी इतका खटाटोप कशाला? म्हैस दूध देते, बैल नांगर ओढतो. तो म्हणाला, "म्हशीला कळतंय कुटं पाय टाकायचा. ह्याला भ्याच नाय. ज्याला भ्या नाय त्याच्या वाटचं आपन भ्यायचं."

पनवेलच्या बाईंकडे येणाऱ्या लोकांमधून त्याचं नाव पसरलं. निवृत्त झाल्यावर नेरळच्या नव्या इमारतींमधून त्याला बोलावणी येऊ लागली. तिथे सोफे नवे, फरश्या काचेसारख्या आणि कुत्री सगळी हातभर. त्याची सून सुवर्णा त्याला स्कूटीवर घेऊन जायची, टेप धरायची, उतारांची मापं घ्यायची.

तिसऱ्या वर्षी ते घडलं. मार्गशीर्षातली दुपार. मी दुकानात होतो. सुधा मागच्या अंगणात वाल सोलत बसली होती. बाळाराम शेतातल्या भाजीची पिशवी द्यायला आला आणि पुढच्या खोलीत टेकला. मला आधी ऐकू आली ती किंकाळी. मी धावत घरात गेलो तर बाळाराम फरशीवर बसलेला, मांडीवर टोळ, आणि त्याचा उजवा पुढचा पाय घडी केलेल्या वर्तमानपत्रात अलगद धरलेला. या वेळी उजवा. सुधा मागच्या दारात उभी होती, परातीतले वाल सगळीकडे सांडलेले. माझी नजर पलंगाकडे गेली. उतार जागेवर नव्हता. सकाळी केर काढताना सुधाने तो भिंतीला उभा केला होता आणि परत लावायचा राहिला होता.

मी तिच्यावर ओरडलो. "शंभर वेळा सांगितलंय, उतार हलवायचा नाही म्हणून. आता बघ!"  ती उताराकडे बघत होती, तिलाही तेच वाटलं होतं. 'माझंच चुकलं' असं ती म्हणणार, एवढ्यात बाळाराम म्हणाला,

"वयनींना बोलू नका. पलंगावरनं नाय पडला. माज्या हातून पडला."

खिडकीबाहेरून शेळ्यांनी भरलेला टेंपो चालला होता. टोळ भुंकत खिडकीखाली उड्या मारत होता. आपटेल, म्हणून बाळारामने त्याला उचललं आणि शेळ्या दाखवायला खिडकीशी नेलं. उभ्याने. टोळ छातीवरून सुळकन निसटला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तो गप्प बसला असता तर सुधाने आयुष्यभर तो दोष स्वतःकडे घेतला असता आणि मी तिला घेऊ दिला असता.

हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी म्हणालो, "तीस वर्षं हेच काम केलंस ना रे?"

त्याने मान वर केली. "हां," म्हणाला. आणि मग, "रिक्शा बघा शेट. पाय मी धरतोय, मला उठता यायचं नाय."

पनवेलपर्यंत रिक्षात त्याने पाय तसाच धरून ठेवला. बाईंनी एक्स-रे बघितला, दुसरी प्लेट बसली. पुन्हा जाळीचं कुंपण, पुन्हा आठ आठवडे. या वेळी बाळाराम रोज आला. कडावहून दुपारच्या एसटीने यायचा, कुंपणाशेजारी तास-दीड तास बसायचा, औषध द्यायचा, गाद्या बदलायचा, आणि चहा घेऊन जायचा. मी दुकानातून उठून आत जात नसे. राग होता असंही नाही. जे बोललो होतो ते मधे पडलेलं होतं आणि ते ओलांडून कसं जायचं ते मला माहीत नव्हतं. सुधा रोज सांगायची, "एकदा बोला त्यांच्याशी." पाचव्या आठवड्यात एके दिवशी मी आत जाऊन त्याच्याशेजारी खाली बसलो. दोघांच्या मधे जाळी आणि टोळ. मी म्हटलं, "त्या दिवशी मी जास्त बोललो."

तो टोळच्या कानामागे एक बोट फिरवत होता.  मग म्हणाला, "बोल्लात त्ये बरं झालं. कुनीच बोललं नसतं तर मला वाटलं असतं, येकादी चूक चालतेय..." आणि बोट काढून घेत, "जनावराला नाय चालत."

टोळ बरा झाला. पण त्यानंतर बाळारामने त्याला कधी उचललं नाही. बसूनसुद्धा नाही. सुधा म्हणायची, "घ्या हो दादा, तो तुमच्याकडेच येतोय." तो हात मागे टेकून बसायचा आणि टोळला स्वतःहून मांडीवर चढू द्यायचा.

पुढे एकदा मी बाळाराम आणि सुवर्णाबरोबर लोकलने नेरळला गेलो होतो. माझं तिथे बँकेत काम होतं, त्याचं एका चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. एक तरुण जोडपं, केसाळ पांढरं कुत्रं. ती मुलगी म्हणत होती, "काका, सोफा तर एवढासाच आहे हो, आणि हा रोज उड्या मारतो, अजून काही झालं नाही." मला वाटलं, आता तो हाडांचं, एक्स-रेचं सांगेल. तो फरशीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "ताई, ह्ये आमचे शेट. ह्यांचं कुत्रं माज्या हातून पडलं. मी तीस वर्सं गुरांच्या दवाखान्यात व्हतो, आन तरी पडलं. त्याचा पाय मोडला." मग माझ्याकडे बोट केलं. "इचारा त्यांना." ती दोघं माझ्याकडे बघायला लागली.  मी मान हलवली. सोफ्यासमोरचा उतार त्याच दिवशी मापला गेला. खाली उतरताना सुवर्णा मला हळूच म्हणाली, "परत्येक घरात पयलं ह्येच सांगत्यात. मी म्हनते बाबा कशाला, तर म्हनतात, त्याशिवाय लोकं ऐकत न्हायीत."

गेल्या रविवारी आम्ही दोघं कडावला जाऊन आलो. दहाव्याला गर्दी होती, कोणाशी नीट बोलणं झालं नव्हतं. नरेश, बाळारामचा मुलगा, गुरं घेऊन गेला होता. त्याची आई ओट्यावर खांबाला टेकून बसली होती. तिने आम्हाला आत नेलं. पडवीचा एक कोपरा बाळारामचा. खुंटीला त्याची खाकी पिशवी, खाली प्लायवूडचे कापलेले तुकडे, सतरंजीच्या पट्ट्या आणि खिळ्यांचा डबा. मध्यावर अर्धवट राहिलेला एक उतार, एकाच बाजूने सतरंजी ठोकलेली. म्हातारी म्हणाली, "कुनाचा हाय ठावं नाय. पडून हाय." सुधाने त्यावरून हात फिरवला. मी बघत उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला तिथे काही फार वाटलं नाही... लाकूड होतं, काम राहिलेलं होतं.

सुवर्णा पडवीतल्याच चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. फळीवर ठेवलेला बाळारामचा फोन वाजला. तिने पिठाचा हात पदराला पुसला आणि फोन घेतला. पलीकडून बाईचा घाईघाईचा आवाज येत होता, आम्हालाही ऐकू येण्याइतका मोठा.

"नाय ताई, मी सून बोलतेय त्यांची," सुवर्णा म्हणाली. "बाबा नायत. महिना झाला... हां. गेले." पलीकडचा आवाज थांबला. मग काहीतरी ओशाळं, तुटक बोलणं, बहुधा फोन ठेवण्याचं. सुवर्णाने तव्यावरची भाकरी उलटली, फोन खांद्यात धरला आणि तो अर्धवट उतार पायाने चुलीच्या उजेडाकडे सरकवून घेतला.

"ठिवू नका ताई, ठिवू नका," ती म्हणाली. "कुत्रं केवढं हाय ते सांगा. आन पलंग किती उंच हाय?"